आत्याचा मजला

२ फेब्रुवारी

ती. आक्का,

साष्टांग नमस्कार. गुडघ्यांमुळे हल्ली तो मनातल्या मनातच घालतो, तेवढं चालवून घे.

पत्र बघून घाबरू नकोस. फोनच करणार होतो, पण मागच्या वेळी तू म्हणालीस, ‘धाकट्या, तू फोनवर इतका ओरडतोस की मला एक अक्षर कळत नाही.’ आता काय करू? सगळा जन्म लोकांच्या भिंतींना गिलावा करण्यात गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या परांचीवर उभं राहून ‘माल पाठव रे!’ म्हणून खाली ओरडायची सवय. काम सुटलं, आवाज राहिला. म्हणून हे पत्र.

बातमी अशी की आपल्या ठकीचं लग्न ठरलं! एप्रिलचा शेवटचा रविवार. मुलगा चष्मे बनवतो. बोलतो कमी आणि हसतो पुष्कळ. आपल्या घरात सगळेच बोलणारे, एखादा ऐकणारा हवाच होता.

तारीख ठरल्याबरोबर ठकी पहिलं वाक्य काय बोलली असेल? ‘केक आत्याचा.’ ती सात वर्षांची असताना तू तिला तुझ्या बेकरीतल्या ओट्यावर बसवलं होतंस आणि म्हणाली होतीस, ‘तुझ्या लग्नात तीन मजली केक करीन, सगळ्यात वर गुलाब.’ तू विसरली असशील. ती नाही विसरली. मुलाला भेटायच्या आधीपासून तिचा केक ठरलेला आहे.

तर कधी येतेस ते कळव. तुझ्या भावजयीनं आतापासूनच ओटा रिकामा करायला घेतलाय.

तुझा,
धाकटा


१० फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

तुला आशीर्वाद, ठकीला दुप्पट.

अक्षर बघून दचकू नकोस. माझे हात सदा पिठात, म्हणून शेजारच्या टायपिस्टबाईंना सांगते आणि त्या लिहितात. नोकरीत त्यांनी आयुष्यभर साहेबांचं डिक्टेशन घेतलं. तोंडातून निघेल ते तसंच्या तसं कागदावर उतरतं, अशी त्यांची ख्याती आहे.

ठकीचं वाचून इतका आनंद झाला म्हणून सांगू! पण केकचं नाही रे जमणार. दुकानात श्वास घ्यायला फुरसत नाही. एप्रिलमध्ये तर विचारूच नकोस. लग्नालाही येणं कठीणच दिसतंय. तिकडच्या एखाद्या चांगल्या बेकरीला सांग, हल्ली सुंदर करतात. आणि त्या वचनाचं काय, लहान मुलांना आपण हजार गोष्टी सांगतो. बाई, हे वाक्य काढा. काढलंत ना? तिला म्हणावं, आत्यावर रागावू नकोस. नको, हेही नको. पुढे लिहा. मी मजेत आहे. तो चहाचा कप जरा लांब ठेवा माझ्यापासून. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझी,
आक्का


१९ फेब्रुवारी

ती. आक्का,

तुझ्या टायपिस्टबाईंना माझा सलाम. पत्र वाचताना तूच समोर बसून बोलतेयस असं वाटलं. कपाचं काय ते मात्र कळलं नाही.

ठकीला सांगितलं. ती म्हणाली, ‘बरं.’ आणि बाहेर जाऊन दोरीवरचे कपडे काढून आणले. कपडे ओले होते. ते तसेच ओले घडी करत बसली. मग म्हणाली, ‘बाबा, मग केकच नको. विकतचा तर नकोच नको.’

आक्का, मनात ठेवून कुढण्याचा माझा स्वभाव नाही. मला राग आला. दुकान इतकं मोठं झालं का गं, की भाचीसाठी चार दिवस निघू नयेत? बस्स, बोललो. आता मन हलकं झालं.

तर आता ठरलंय. केक मी करणार. हसू नकोस. तुझी भावजय हसून झाली आहे, तुझ्या वाटचंही हसली. मी म्हणतो, तीन मजल्यांच्या इमारती मी हातावेगळ्या केल्या, हा तर हातभर उंचीचा. भिंत ती भिंत. तू फक्त कृती सांग. येता येत नसेल तर निदान शिकव. तेवढं तरी कर.

तुझा,
धाकटा


२५ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

राग आला ते चांगलं झालं. रागात लोणी छान फेटलं जातं.

आता नीट ऐक. आधी एकच केक कर. तीन मजल्यांच्या गप्पा नकोत. लोणी आणि साखर पांढरंफटक होईपर्यंत फेट. अंडी एकेक करून घाल, सगळी एकदम ओतलीस तर फाटेल. मैदा चाळून घाल आणि हलक्या हातानं मिसळ. हलक्या म्हणजे माझ्या हलक्या, तुझ्या नव्हे. तू सिमेंट कालवल्यासारखं कालवलंस तर वीट तयार होईल. ओव्हन आधी तापव, आणि मध्येच दार उघडून डोकावू नकोस. तुला धीर नाही, मला माहीत आहे. भाजून झाला की सळई टोचून बघ, कोरडी निघाली की झाला. गार झाल्यावर कोरडा पडू देऊ नकोस, साखर विरघळवलेलं पाणी शिंपड.

फसला तर फसला. माझे पहिले किती फसले ते आईलाच माहीत. बाई, पिशवीत क्रीम भरून गुलाब कसा काढायचा ते पुढच्या वेळी सांगू, आज नको. नाही, कारण काही नाही. आज नको म्हणजे नको. लिहा, तुझी आक्का.

तुझी,
आक्का


८ मार्च

ती. आक्का,

पहिला केक केला आणि घालवलाही. दोन्ही ऐक.

केला तो झकास केला. फुगला, रंग आला, सळई कोरडी निघाली. तुझी भावजय ‘अगबाई!’ म्हणाली. मी ओव्हनचं दार एकदाही उघडलं नाही, काचेला नाक लावून बसलो होतो. इथपर्यंत मी राजा.

मग तुझं ते वाक्य वाचलं. कोरडा पडू देऊ नकोस, पाणी शिंपड. आता हे मला सांगायला हवं का? नव्या गिलाव्याला पाणी मारलं नाही तर तडे जातात, हे मला झोपेतसुद्धा ठाऊक आहे. मी केकवर ओलं फडकं टाकलं आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ साखरेचं पाणी मारलं. अगदी न चुकता. मधेच तुझी भावजय विचारते, ‘ओट्यावर हे काय भिजत घातलंय?’ मी म्हणालो, ‘हात लावू नकोस, पक्का होतोय.’ मग वास यायला लागला. मुंग्या आल्या, त्यांनीही नाकं मुरडली. फडकं उचललं तेव्हा खाली केक नव्हता, लापशी होती.

ठकी मात्र खूप दिवसांनी पोट धरून हसली. त्यामुळे केक अगदीच वाया गेला असं नाही म्हणता येणार.

कुठे चुकलं ते सांग.

तुझा,
धाकटा


१४ मार्च

प्रिय धाकट्या,

(इथे आक्का हसत सुटल्या. मी थांबले. अजून हसताहेत. आता पाणी प्यायल्या. – टायपिस्ट)

अरे शहाण्या, केक म्हणजे काय पाण्याची टाकी आहे? आठवडाभर पाणी! एकदाच लावायचं, ब्रशनं, तेही थोडंसं. तुझं डोकं जन्मभर उन्हात तापलं त्याचा हा परिणाम.

पण आता तुला तुझ्या भाषेतच सांगते. क्रीम दोन हातांत लावायचं. पहिला हात पातळ, नुसता केकचा चुरा धरून ठेवण्यापुरता. मग गारठू द्यायचा. त्यावर दुसरा हात, जाड आणि गुळगुळीत. कळलं? पहिला ओबडधोबड हात आणि वरून सफाईचा हात, तुझंच काम आहे ते. त्यात तू माझ्याहून सरस ठरलास तरी मला आश्चर्य वाटणार नाही. आणि एक मजला नीट जमल्याशिवाय त्यावर दुसरा चढवायचा नाही.

आता पिशवीबद्दल. थांबा बाई, कशी धरायची ते करूनच दाखवते, म्हणजे तुम्हाला नीट लिहिता येईल. अशी मुठीत घ्यायची आणि... राहू द्या. राहू द्या म्हटलं ना. पुसून टाका ते.

धाकट्या, खूप महिन्यांनी इतकी हसले. हे लिहिलंत तरी चालेल.

तुझी,
आक्का


२३ मार्च

ती. आक्का,

गिलावा जमला!

ते क्रीम लावायच्या चपट्या सुरीचं माझं काही जुळेना. शेवटी नवीकोरी थापी आणली, उकळत्या पाण्यातून काढली आणि तिनंच काम केलं. काय सांगू! कोपरा असा निघाला की हात लावू नये. ओळंबा सोडून बघितला, भिंत सरळ. चष्मेवाले जावईबापू आले होते, त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. त्या माणसाकडून एवढी दाद म्हणजे भाषणच म्हणायचं.

मग चढला माज. मोठ्या केकवर मधला ठेवला. मागं सरकून कौतुकानं बघतोय, तोच मधला केक हळूहळू खाली जायला लागला. चिखलात ट्रक रुतावा तसा. दोघंही गेले. गवंडी असून मी मजल्यावर मजला खांबांशिवाय चढवला! कोणाला सांगू नकोस, जुने मिस्त्री थोबाडीत मारतील. आता यात खांब कसे घालतात ते कळव.

आणखी एक. तुझ्या दुकानात तीनदा फोन केला. वाजतच नाही. दुकान इतकं जोरात चाललंय आणि फोन बंद? मागे मी रागानं लिहिलं त्यावरून रुसली असशील तर सांग. मी नाक घासून माफी मागतो, तेही गिलाव्याच्या भिंतीला.

तुझा,
धाकटा


३० मार्च

प्रिय धाकट्या,

रुसले नाही. फोन बिघडलाय.

खांबांचं ऐक. जाड, पोकळ नळ्या मिळतात. खालच्या केकमध्ये गोलात चार-पाच उभ्या खुपसायच्या आणि केकच्या उंचीबरोबर कापायच्या, एक वर एक खाली नको. त्यांच्यावर पुठ्ठ्याची तबकडी येते आणि तबकडीवर वरचा केक. भार नळ्यांवर जातो, केकवर नाही. आता तुला सगळं आलं. राहिले फक्त गुलाब. ते काही तुझ्याच्यानं होणार नाहीत, खरी फुलं आणून लाव. चांगली दिसतात. पुष्कळ जण लावतात.

झालं. पाकीट बंद करा.

तुझी,
आक्का

ता. क. पाकीट मीच बंद करते, म्हणून या ओळी माझ्या. मी टायपिस्ट. नोकरीत मी साहेबांचं एकही गुपित फोडलं नाही. हे पहिलं आणि शेवटचं. आक्कांचं दुकान गेल्या पावसाळ्यापासून बंद आहे. त्यांचे हात थरथरतात. डॉक्टर म्हणतात जिवाला धोका नाही, वयाचं आहे, गोळ्यांनी थोडं कमी होईल. पण एका गिऱ्हाइकाच्या केकवरची अक्षरं वेडीवाकडी आली. तो भला माणूस एक शब्द बोलला नाही, केक घेऊन गेला. त्याचं ते न बोलणंच आक्कांना लागलं. दुसऱ्या दिवशी शटर ओढलं ते आजतागायत. तुमच्याकडे चार लोकांसमोर हात दिसेल, म्हणून त्या येत नाहीत. रागावलेल्या नाहीत. तुमची पत्रं दोन-दोनदा वाचायला लावतात.


५ एप्रिल

ती. आक्का,

मला नाटक येत नाही. कळलं मला सगळं. बाईंना एक शब्द बोलशील तर माझ्याशी गाठ आहे.

आधी शिव्या देतो. मला सांगितलं नाहीस? मला? मी इथं ‘दुकान मोठं झालं का’ म्हणून टोमणे मारत बसलो आणि तू तिकडून मला लोणी फेटायला शिकवत होतीस! माझीच मला लाज वाटली. खूप रडू आलं, तेही लिहितो.

आता ऐक. मी पहिल्यांदा परांचीवर चढलो तो दिवस आठवतो? पाय असे लटपटत होते की खालची फळी वाजत होती. मिस्त्री म्हणाला, ‘उतरवा याला, हे पोरगं कामाचं नाही.’ तू माझा डबा घेऊन आली होतीस. चपला काढल्यास, शिडीनं थेट वर आलीस आणि मिस्त्रीला म्हणालीस, ‘पाय थरथरले म्हणून काय झालं? हात बघा त्याचा.’ त्या एका वाक्यावर मी जन्मभर भाकरी खाल्ली.

मग आता मी म्हणतो, हात थरथरला म्हणून काय झालं?

मी दोन मजले बांधणार. ते जमतात, काल पुन्हा करून बघितले, नळ्या घालून, उभे आहेत. तिसरा मी करणार नाही. फुलंबिलं आणणार नाही. तू आलीस तर केक तीन मजली, नाहीतर दोन मजली. लोकांनी विचारलं तर सांगीन, वरचा मजला आत्याचा आहे, ती आली की होईल.

खाली ठकीला लिहायचंय म्हणते.

तुझा,
धाकटा

आत्या, मला सुंदर केक नकोय. तो तर बाबांच्या थापीनंसुद्धा होतोय, म्हणजे बघ! मला तू हवी आहेस. सात वर्षांची असताना मला वाटायचं केकसाठी आत्या पाहिजे. आता कळलं की उलटं आहे. ये ना गं. – ठकी


१२ एप्रिल

प्रिय धाकट्या,

आधी या बाईंना बोलू दे मला. बाई, तुम्हाला मी घरातलं माणूस समजले आणि तुम्ही माझ्या पाठीमागे पाकिटात चुगल्या घालता? लाज नाही वाटत? हे लिहिताय काय? माझं बोलणं मलाच वाचून दाखवायचं आहे का? लिहा, लिहा, त्यालाही कळू दे कसली शेजारीण मिळाली ती. चुगलखोर. ही काही शाबासकी नाही, तुम्ही वर बघून हसू नका.

धाकट्या, मी येणार नाही. तुझं प्रेम समजलं, पण मी येणार नाही. मुलाकडची माणसं बघतील. कपसुद्धा बशीवर वाजतो माझा. आत्या बेकरीवाली म्हणून नाव, आणि हातात पिशवी धरता येत नाही. मुलीच्या लग्नात माझ्या हाताची चर्चा नको. हे शेवटचं. आता विषय बंद.

त्या पोरीनं काय लिहिलं होतं? परत वाचा. शेवटचं वाचा. हं.

डोळ्यांत गेलं काहीतरी. पुढे लिहा. केकला एकदाच पाणी लाव. तिकडे जाणारी गाडी सकाळी सुटते की दुपारी, ते विचारून ठेवा हो बाई. हे लिहू नका.

तुझी,
आक्का


२ मे

प्रिय चुगलखोर बाई,

अक्षर बघून घाबरू नका. मीच लिहितेय, माझ्या हातानं. या ओळी वर-खाली गेल्या आहेत, तुम्ही मान वर-खाली करून वाचा.

लग्न छान झालं. ठकीकडे बघून डोळे निवले. तुम्हाला वर्णन हवं असणार, म्हणून सांगते.

मी पोचले तर आमचा धाकटा दारातच उभा. नमस्कार नाही, पाणी नाही, थेट स्वयंपाकघरात नेलं. दोन मजले उभे होते. बाई, मी आयुष्यात इतका सरळ केक केलेला नाही! हे त्याला मी सांगितलं नाही, तुम्हीही सांगू नका. तुम्हाला आधी सांगून ठेवलेलं बरं.

वरचा मजला मी त्याच दिवशी भाजून चढवला. आणि गुलाबांसाठी ओट्यावर त्यानं एक फळी बसवली होती. दोन डब्यांवर आडवी, चक्क लेव्हल लावून. म्हणाला, ‘आक्का, छताला नक्षी करताना आम्हीसुद्धा हात अधांतरी ठेवत नाही. मनगट टेकवायला फळी बांधतो. तू इतकी वर्षं हात हवेत ठेवून काम केलंस, आता टेक.’ मी म्हटलं, सगळ्यांसमोर नाही करणार. तर तो दार लावायला गेला आणि दाराबाहेर ठकी, तिचा तो चष्मेवाला, भावजय, सगळे रांगेत उभे. हा आतून ओरडला, ‘कोणी बघायचं नाही!’ पलीकडच्या गल्लीतल्या लोकांनीसुद्धा नजर वळवली असेल.

मनगट टेकवलं. पिशवी धरली. हात थरथरत होताच, फळीनं तो काही जादूनं थांबला नाही. पण निम्मा थांबला. पहिला गुलाब म्हणजे कोबी झाला. दुसराही. मग मी हाताशी भांडणं सोडून दिलं. तो हलला की पाकळी हलवली. पाकळ्यांच्या कडांना चुण्या पडल्या, वाऱ्यात असल्यासारख्या. बाई, मी जन्मभर गुळगुळीत गुलाब केले, असे कधी केले नव्हते. सगळे चांगले नाहीत हो आले. कोबी धाकट्यानं मागच्या बाजूला लपवले.

लग्नात मुलाच्या आजीनं विचारलं, ‘गुलाब कोणी केले?’ मी हात मागे घेतला. ठकीनं तो पुढे ओढला, सगळ्यांसमोर, थरथरत होता तसाच, आणि म्हणाली, ‘या हातानं.’ आणि सोडलाच नाही. सुरी धरली तेव्हाही तिच्या हातात माझा हात होता. आजीबाईंनी आपला हात पुढे केला, तो माझ्याहून जोरात थरथरत होता. आम्ही दोघी हसत सुटलो. केक कापल्यावर ठकीनं पहिल्यांदा मागचा कोबी खाल्ला.

धाकटा माझ्याबरोबर तिकडे येतोय. दुकानात कायमची फळी बसवायची म्हणतो. भिंतींचा रंगही त्याला आवडलेला नाही, न बघताच. तेव्हा शटरला तेवढं तेल घालून ठेवा, गंजलं असेल. गोळ्याही सुरू केल्या आहेत, हे तुम्ही विचारायच्या आधीच सांगते.

इथे घरातले म्हणाले, सांगा, आम्ही लिहितो. मी नाही म्हटलं. चहा सांडलेला डाग दिसतोय तो माझाच आहे. एवढं सगळं माझ्या हातानं लिहिलंय. वाचता आलं नाही तर कळवा, पुन्हा लिहीन.

तुमची,
आक्का